पूर्ण नाव सांगा

‘घरातल्या सगळ्यांनी मिळून एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा,’ असं फोनवरच्या फसवणुकीबद्दल सांगायला आलेल्या पोलीस मॅडमनी जाताजाता सांगितलं होतं. तोवर आमच्या सोसायटीच्या हॉलमधल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, चहाचे कप फिरायला लागले होते आणि माझ्या मांडीवरची रेवा किरकिरत होती. मॅडम म्हणाल्या, आता यंत्रानं कुणाचाही आवाज काढता येतो. मुलाचा, आईचा, कुणाचाही. तेव्हा असा एक शब्द ठरवा, जो फक्त तुमच्या घराला माहीत आहे. फोनवरच्या माणसानं तो सांगितला तर आपला, नाहीतर नाही.

बाकीचं सगळं मी वहीत उतरवून घेतलं होतं. अपघात झालाय, पोलिसांनी धरलंय, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. कागद पाठवू नका. फोन कापा, नंबर ब्लॉक करा, ओळखीच्यांना सावध करा. खुणेच्या शब्दाचं तेवढं लिहिलं नाही. सासूबाईंना फोन करून ‘आई, आपण एक शब्द ठरवू’ म्हटलं असतं, तर त्या हसल्या असत्या. चोर-शिपाई खेळायचंय का गं या वयात, असं विचारलं असतं. आणि खरं सांगायचं तर मलाच तो पोरखेळ वाटला.

एरवी मी कुठलीही सूचना सोडणाऱ्यातली नाही. रेवा झाल्यापासून तर नाहीच. गॅसचं बटण तीनदा बघायचं, दार लावून झाल्यावर परत ओढून बघायचं, झोपलेल्या पोरीच्या नाकापुढे बोट धरून श्वास लागतो ना बघायचं. माझा नवरा तुषार म्हणायचा, तुला एम.कॉम. करण्यापेक्षा पोलिसात भरती करायला हवं होतं.

म्हणून आई-आप्पा व्हिएतनामला जाणार असं ठरलं तेव्हा तयारीही मीच हातात घेतली. आप्पा म्हणजे माझे सासरे. एसटीच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं गाड्यांखाली झोपून काम केलेला माणूस. ती दोघं सिन्नरला राहायची, आम्ही नाशिकला. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आम्ही आणि वर्षाताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, मिळून ही सहल दिली होती. एका लहानशा टूरवाल्याबरोबर बावीस जण, सगळे आपल्याकडचेच, संध्याकाळी पिठलं-भात मिळेल असं आश्वासन.

आप्पांच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकायचे. रोज सात गोळ्या, त्यातली एक रक्त पातळ ठेवणारी, गुलाबी, अर्धी. डॉक्टर नाशिकचे, त्यामुळे गोळ्या आणायचं आणि भरायचं काम माझ्याकडे. पाकिटं बॅगेत जागा खातात म्हणून मी सगळ्या गोळ्या सोलून काढल्या आणि दहा दिवसांच्या दहा डब्या भरल्या. प्रत्येकीवर वार लिहिला, सकाळ-रात्र लिहिलं. गुलाबी गोळ्या कापून अर्ध्या केल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो आप्पांच्या फोनमध्ये टाकला. आई त्या रांगेत मांडलेल्या डब्यांकडे बघत म्हणाल्या, "माझ्या आईनं रुखवतसुद्धा एवढं नीट मांडलं नव्हतं."

मला ते फार आवडलं होतं.

सहलीचा सहावा दिवस, मंगळवार. सकाळी आईंचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. आज होडीतून नदीत हिंडायचंय, फोनला रेंज नसणार, काळजी करत बसू नकोस, रेवाला दूधभात कालवून दे. मागे आप्पांचं खाकरणं ऐकू येत होतं. त्यानंतर तासाभरात आप्पांचा गुडघा सुजल्याचं दिसलं, बाकीची मंडळी बसनं गेली आणि ही दोघं हॉटेलात मागे राहिली, हे मला कुणी कळवलं नाही. आईंनीच कळवलं नव्हतं. केतकी उगाच जीव टांगणीला लावते, म्हणून.

दुपारी पाऊण वाजता माझा फोन वाजला. परदेशी नंबर. आपली माणसं तिकडे आहेत म्हणून उचलला.

एक पुरुष, मोडक्या हिंदीत. केतकी मॅडम का, म्हणाला. तुमच्या सासऱ्यांना लागलंय, मोटरसायकलवाल्यांनी बॅग हिसकावली, आता हॉस्पिटलात आहेत, पासपोर्टची कॉपी पाठवा, लवकर पाठवा. पोलीस मॅडमनी पडद्यावर दाखवलेलं संभाषण शब्दाला शब्द हेच होतं. भीती वाटायच्या ऐवजी मला एकदम शांत वाटलं. परीक्षेत आलेला प्रश्न आदल्या रात्री वाचलेला असावा, तसं.

मी म्हटलं, माझ्या सासूबाईंना फोन द्या.

"केतकी, अगं मी बोलतेय." आवाज आईंचा होता. रडून घसा बसल्यासारखा. "ह्यांना लागलंय गं. डोक्याला. ती गोळी आहे ना—"

"कोणाला लागलंय?"

"अगं, ह्यांना. रेवाच्या आजोबांना."

रेवाच्या बारशाचे फोटो मीच फेसबुकवर टाकले होते. नाव कुणालाही मिळालं असतं. आवाज तर यंत्रही काढतं. मी रेवाच्या तोंडाशी धरलेला चमचा खाली ठेवला.

"त्यांचं पूर्ण नाव सांगा," मी म्हटलं.

पलीकडे कुठेतरी चाकं लोटल्याचा आवाज येत होता.

"तुला माहितीय ना गं ते."

"सांगा."

"अगं, आता कसं... तू आधी त्या गोळीचं—"

मी फोन कापला.

चाळीस वर्षांच्या बायकोला नवऱ्याचं नाव सांगता येऊ नये? मी मनातल्या मनात हसलेही. तरी खात्री करून घेतली. आईंचा फोन लावला, बंद. आप्पांचा लावला, बंद. टूरवाले लोखंडे स्वतः बरोबर गेले होते, त्यांचा लावला, तोही लागेना. सगळे नदीत आहेत, रेंज नाही, आईंनी सकाळीच सांगितलंय. सगळं जुळत होतं. तो नंबर ब्लॉक केला.

आणि मग मी ते केलं, ज्याचा राग मला आजही सकाळी दात घासताना येतो.

आमचा ‘गोळेसर परिवार’ असा एक ग्रुप आहे. सासरची एकतीस माणसं. त्यावर मी लिहिलं, ‘सावधान! आत्ता मला फ्रॉड कॉल आला. आईंच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून आप्पांना अपघात झाल्याचं सांगत होते. मी आप्पांचं पूर्ण नाव विचारल्यावर बोलती बंद झाली. खाली नंबर देत आहे. सगळ्यांनी लगेच ब्लॉक करा.’

दोन मिनिटांत टाळ्या सुरू झाल्या. पिवळ्या पिवळ्या, दोन-दोन हातांच्या. भास्करकाकांनी, म्हणजे आप्पांच्या धाकट्या भावानं, लिहिलं, ‘शिकलेली सून घरात असली की असं असतं.’ वर्षाताईंनी लिहिलं, ‘केतकी, ग्रेट!’ दगूमामांनी, आईंच्या सख्ख्या भावानं, लिहिलं, ‘नंबर ब्लॉक केला आहे. गावात इतरांनाही कळवतो.’ तुषारनं कंपनीतून फोन केला. म्हणाला, तू होतीस म्हणून, मी असतो तर फसलो असतो.

मी रेवाला उरलेला दूधभात भरवला. झोपवली. कपडे वाळत घातले. दोन-तीनदा फोन उघडून टाळ्या मोजल्या. एकवीस झाल्या होत्या.

तीनच्या सुमारास रेवा उठली ती अंग गरम घेऊन. थर्मामीटरसाठी मी औषधांचा खण ओढला. आत एका पुडीत गुलाबी तुकडे होते. आप्पांच्या गोळ्या मोजून झाल्यावर उरलेले. मी कापलेले.

ती गोळी आहे ना, असं म्हणाल्या होत्या त्या. मग परत, त्या गोळीचं.

पैसे मागितले नव्हते. खात्याचा नंबर नाही, ओटीपी नाही. गोळीचं विचारत होत्या. जगातला कुठला चोर गोळीचं विचारतो?

नंबर अनब्लॉक करायला मला सापडेना. त्या खिडक्या, ती बटणं, सगळं मी रोज वापरते आणि त्या वेळी काही सापडेना. रेवा पायाशी रडत होती. शेवटी लागला फोन. अर्ध्या वाजण्यात उचलला.

त्याचं नाव सेल्वम. तिथल्या एका भारतीय खानावळीत स्वयंपाकी. ती दोघं त्याच्याकडे इडली खाऊन बाहेर पडली होती आणि त्याच्या दारासमोरच ते घडलं. मोटरसायकलवरच्या दोघांनी आप्पांच्या खांद्यावरची बॅग धरली. बॅगेत पासपोर्ट, दोघांचे फोन, त्या दिवसाची डबी. आप्पांनी पट्टा सोडला नाही. गाडीबरोबर पंधरा-वीस पावलं ओढले गेले, डोकं फुटपाथच्या कडेला आपटलं. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी तो एवढंच म्हणाला, आणि आवाज चढवून नाही, थकून म्हणाला, "मॅडम, आपके घर में नौ लोगों को फोन किया. आप लोग कैसा आदमी है?"

आईंच्या कमरेच्या बटव्यात एक लहानशी डायरी असायची, त्यात आमचे सगळ्यांचे नंबर बॉलपेननं लिहिलेले. मी कापल्यावर त्यांनी एकेकाला लावला. मुलगा, मुलगी, भाऊ, दीर, पुतणे. वर्षाताईंना लागला, आईंचा आवाज ऐकला आणि त्यांनी कापला. दगूमामांनी उचलून चार शिव्या दिल्या, लाज वाटत नाही का आमच्या बहिणीच्या आवाजात भीक मागायला, असं म्हणाले. तिच्याच कानात. बाकीच्यांचे फोन लागलेच नाहीत. मी इथे बसून एकेक दार लावून घेतलं होतं, आणि ती बाई तिथे डायरीतल्या क्रमानं एकेक दार वाजवत होती.

सेल्वमनं फोन डॉक्टरांना दिला. डॉक्टर तरुण मुलगी होती, इंग्रजी तुटक. मेंदूत रक्त साकळत होतं. रक्त पातळ करणारं काहीतरी चालू आहे हे दिसत होतं, पण कुठलं ते कळल्याशिवाय त्यावरचं उलट औषध देता येत नव्हतं. हॉटेलातून कुणीतरी उरलेल्या डब्या आणल्या होत्या. सुंदर, वार लिहिलेल्या डब्या. अर्ध्या कापलेल्या गोळीवर नाव कुठून असणार? मी एकेक अक्षर सांगितलं. तिनं एकेक अक्षर परत म्हणून घेतलं. मग ती धावत गेली, पावलांचा आवाज आला.

मी म्हटलं, आईंना द्या.

फोन हातात घेतल्याचं कळलं. श्वास येत होता. मी आई, आई, असं काहीतरी म्हणत होते. त्यांनी मला थांबवलं.

"रंगनाथ विठोबा गोळेसर," त्या म्हणाल्या. एकेक शब्द सुटा, सही करताना हात थांबवावा तसा. "घे. सांगितलं. आता पटलं?"

आणि फोन सेल्वमच्या हातात परत दिला.

संध्याकाळी ग्रुपवर बघितलं, तर माझ्या निरोपाखाली ओळीनं लिहिलं होतं, ‘हा संदेश हटवला गेला आहे.’ ‘हा संदेश हटवला गेला आहे.’ ‘हा संदेश हटवला गेला आहे.’ एकवीस टाळ्या गेल्या. शिकलेली सून गेली. माझा निरोप तेवढा राहिला होता, उघडा, वर एकटा. मी तो काढला नाही. अजूनही काढलेला नाही.

रात्री आठ वाजता भास्करकाकांचा तुषारला फोन आला. मी शेजारीच होते. त्यांचं म्हणणं असं की पोरींना हल्ली मोबाइलमध्ये कुठे काय दाबायचं ते कळतं, पण सासूचा आवाज ओळखू येऊ नये म्हणजे कमाल आहे. तुषारनं फोन माझ्यापासून लांब धरला. मी तो ओढून घेतला.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही त्यांचे सख्खे दीर. चाळीस वर्षं त्यांच्या हातचं जेवलात. तुम्ही तो नंबर किती मिनिटांत ब्लॉक केलात?"

ते म्हणाले, तू लिहिलंस म्हणून केला.

बरोबर होतं ते. म्हणूनच मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

पुढचे दिवस मी जेवणाच्या टेबलावर काढले. एका मांडीवर रेवा, समोर लॅपटॉप. वकिलातीत फोन केला तेव्हा एका बाईंनी उचलला आणि पहिलं वाक्य विचारलं ते, तुमच्या सासूबाई जेवल्या आहेत का. मला त्यावर रडू फुटलं, कारण हे आमच्या एकतीस जणांपैकी कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनी कागद सांगितले ते मी पाठवत गेले. तिथल्या पोलिसांकडे तक्रार, तिचा उतारा, पासपोर्टच्या जागी तात्पुरता दाखला, विम्याचे अर्ज. ज्या पासपोर्टची कॉपी मागितली म्हणून मी फोन कापला होता, तीच कॉपी त्या आठवड्यात मी अकरा ठिकाणी पाठवली, प्रत्येकाला विनवण्या करून.

तुषारचा पासपोर्ट मुदत संपून पडलेला. वर्षाताईंचे यजमान विलासराव एकदा दुबईला जाऊन आलेले, त्यांचा चालू होता. ते पाचव्या दिवशी पोचले. तोवर आई एकट्या. टूरच्या लोखंड्यांनी एक दिवस थांबून त्यांच्या हातात शाल आणि बिस्किटांचा पुडा दिला आणि मंडळी घेऊन ते पुढच्या शहरात गेले. मी त्यांना फोनवर विचारलं, असे कसे गेलात. ते म्हणाले, "मॅडम, उरलेल्या वीस जणांनीही आयुष्याची पुंजी लावलीय. त्यांची सहल मी कुठल्या तोंडानं मोडू?" मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या वीस जणांत आईंच्या गल्लीतल्या दोन बायका होत्या. त्यांनी त्या संध्याकाळचे दिव्यांच्या रोषणाईचे फोटो टाकले होते.

त्या पाच दिवसांत आईंना दोन्ही वेळचा डबा सेल्वमनं पोचवला. पोलीस ठाण्यातही तोच बरोबर गेला. तिथल्या अंमलदारानं जबाब घेताना नवऱ्याचं नाव विचारलं, वडिलांसकट, आडनावासकट. दवाखान्यात भरतीच्या कागदावर विचारलं. ऑपरेशनच्या संमतीवर विचारलं. विमा कंपनीच्या माणसानं फोनवर दोनदा विचारलं. प्रत्येक ठिकाणी त्यांनी सांगितलं. हे मला विलासरावांनी परत आल्यावर सांगितलं, कौतुकानं. म्हणाले, सासूबाई फार धीराच्या, खडाखडा उत्तरं देत होत्या.

तेविसाव्या दिवशी आप्पा परत आले. चाकाच्या खुर्चीत, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, ओठ एका बाजूला ओढलेले. बोलणं गेलं होतं. मला बघून त्यांच्या डोळ्यांत काय आलं ते मी नीट पाहिलंच नाही. मी त्यांच्या मागे जाऊन खुर्ची ढकलायला घेतली. आई शेजारून चालत होत्या. मी म्हटलं, आई, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "सामान मोजून घे, सहा नग आहेत."

नाशिकच्या डॉक्टरांना मी एकटी जाऊन विचारलं. गोळीचं नाव अडीच तास आधी कळलं असतं तर? त्यांनी पेन फिरवलं. म्हणाले, फरक पडलाही असता, नसताही पडला. म्हटलं, डॉक्टर, एक काहीतरी सांगा. ते म्हणाले, हे कुणीच सांगू शकणार नाही. तेव्हापासून मला अशा सभ्य उत्तरांचाही राग येतो.

आप्पा चौदा महिने जगले. आईंनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. मी दर शनिवारी रेवाला घेऊन जायची, गोळ्या भरून द्यायची, आता पाकिटांसकट. आई माझ्याशी नीट बोलायच्या. भाजी काय आणलीस, रेवाला दात किती आले. त्या मंगळवारचं एक अक्षर नाही. मला वाटायचं, एकदा भांडतील. एकदा तोंडावर म्हणतील, तू माझा नवरा घालवलास. मी त्याची वाट बघायची. मनात उत्तरं तयार ठेवली होती. माफीची, आणि चिडलेलीसुद्धा.

तेराव्याची माणसं पांगल्यावर आम्ही दोघी मागच्या पडवीत भांडी पुसून ठेवत होतो. आत भास्करकाका घोरत होते. मीच सुरू केलं. म्हटलं, आई, आज बोला. त्या दिवशी मी फोन कापला नसता तर आप्पा असते. बोला ना. शिव्या द्या.

आईंनी हातातलं पातेलं पालथं घातलं.

"तुझ्या फोन कापण्यानं काही झालं नाही गं," त्या म्हणाल्या. "ते मी नाव घेतलं ना, त्यानं झालं."

मला कळलंच नाही आधी.

"आमच्याकडं नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. हसशील तू. मी चाळीस वर्षांत एकदा घेतलेलं नाही. लग्नात उखाणा घेतला तेवढाच, तो देवाब्राह्मणासमोर. रेशनकार्डाच्या रांगेत पोराला पुढं करायचे, तू सांग तुझ्या बापाचं नाव म्हणून. आणि तू विचारलंस तेव्हा ते समोर स्ट्रेचरवर. कानातून रक्त येतंय. त्या वेळेला कुठल्या बाईच्या तोंडातून नाव निघेल? म्हटलं, आज नको. आज कुणीही विचारू दे, आज नको. नंतर तुझा परत फोन आला, तेव्हा वाटलं, नाही सांगितलं तर परत कापशील. म्हणून घेतलं. मग काय, सगळेच विचारायला लागले. पोलीस, डॉक्टर, कंपनीवाले. नऊदा घेतलं. मोजलंय मी."

त्या रडत नव्हत्या. पातेल्यांची उतरंड लावत होत्या, मोठ्यावर लहान.

मी चिडले. एवढी चिडले की रेवा दचकून दाराआड गेली. मी म्हटलं, आई, हे असलं काही नसतं, मेंदूत रक्त साकळलं होतं, औषध द्यायला उशीर झाला, तो माझ्यामुळे झाला. मी रोज तीनदा नवऱ्याला नावानं हाका मारते, झालंय का त्याला काही? मी कागद आणून दाखवते, तारखा आहेत, वेळा आहेत. माझ्यामुळे झालं, तुम्ही ते माझ्याकडून काढून घेऊ नका.

त्यांनी ओलं फडकं पिळून दांडीवर टाकलं. मग म्हणाल्या, "असू दे. तू आपल्या पोरीत लक्ष घाल. मला माहितीय कुणामुळं झालं ते."

त्याला आता तीन वर्षं होतील. आई सिन्नरच्या घरात एकट्या राहतात. आमच्याकडे या म्हटलं की चार दिवस येतात आणि पाचव्या दिवशी पिशवी भरतात. आम्ही फोन केला की उचलतात. नीट बोलतात, रेवाला गोष्ट सांगतात. मला वाटायचं, सगळं हळूहळू रुळावर येतंय. मी तर रोज फोन करायची, वहीत खूण करून. एवढी जागरूक मी.

गेल्या महिन्यात त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यात पाय घसरून पडल्या. खुबा दुखावला, उठता येईना. सकाळी साडेसहाला पडल्या आणि अकराला शेजारच्या बाई कढीपत्ता मागायला आल्या तेव्हा सापडल्या. साडेचार तास फरशीवर. फोन कमरेच्या बटव्यात होता. चालू होता, चार्ज केलेला होता. मी तो हातात घेऊन बघितला, त्यात त्या सकाळी कुणालाही फोन लावल्याची नोंद नव्हती. म्हणून मागे मागे गेले. आदल्या आठवड्यात नाही, त्याच्या आदल्या महिन्यात नाही. आलेले फोन शेकड्यानं. लावलेला एकही नाही. तीन वर्षांत आईंनी स्वतःहून कुणालाही फोन केलेला नव्हता, आणि आम्हा एकतीस जणांपैकी कुणाच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. माझ्याही नाही.

दवाखान्यात मी त्यांना विचारलं. आवाज चढवूनच विचारलं, कारण मला तो खाली ठेवताच येईना. आई, फोन हाताशी असताना लावला का नाही?

त्या म्हणाल्या, "लावून उचलणार कोण?"

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्याकडेही असं एक माणूस असेल. तुम्ही फोन केला की गोड बोलणारं, सगळं बरं आहे म्हणणारं. त्यांनी स्वतःहून तुम्हाला शेवटचा फोन कधी केला होता, तेवढं फोन उघडून बघा. तुम्ही केलेला नव्हे, त्यांनी केलेला. सापडला नाही, तर फोन लावत बसू नका. चपला घाला आणि जाऊन या.